प्रथिनांचे जेल आणि डीएनएचा चिकटा : एका न्यूक्लिएज एन्झाइमचे परीक्षण

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या महाविद्यालयात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. सोयाबीनच्या मुळांवरील गाठींतून वेगळ्या केलेल्या जिवाणूंची प्रथिने जेलवर, म्हणजे विजेच्या ओढीने प्रथिने ज्यातून आकारानुसार पुढेमागे सरकतात अशा जाळीदार थरावर, वेगळी करून पाहणे हा आमच्या पदव्युत्तर वर्गाचा नेहमीचा प्रकल्प आहे, आणि त्याच प्रकल्पासाठी दोन वर्षांपूर्वी आम्ही न्यूक्लिएज या एन्झाइमची पहिली कुपी मागवली. प्रथिनांच्या नमुन्यात मिसळलेले डीएनए आणि आरएनए तोडून टाकणे एवढेच या एन्झाइमचे काम. कुपीत २५,००० युनिट येतात. प्रत्येक मायक्रोलिटरला २५० युनिट या हिशेबाने सगळा मिळून १०० मायक्रोलिटर द्रव, म्हणजे डोळ्यांत घालायच्या औषधाचे जेमतेम दोन थेंब. एवढ्याशा द्रवाचे बिल पाहून आमच्या लेखापालांनी कागद दोनदा उलटून पाहिला होता. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण पुढे येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या वाहतुकीच्या आणि निम्म्या आमच्या स्वतःच्या आहेत, शिवाय याच जातीचे एन्झाइम आता अनेक कंपन्या विकतात आणि त्यांच्या गुणांत मोठा फरक असण्याचे कारण नाही.

ही कुपी घ्यावी असे का वाटले, ते आधी सांगते. जिवाणूंच्या पेशी फोडून त्यांत नमुन्याचा बफर (पीएच स्थिर ठेवणारे द्रावण) घातला आणि नळी पाच मिनिटे उकळत्या पाण्यात ठेवली, की आतला द्रव पातळ राहण्याऐवजी गोळा होऊन बसे. पिपेटने उचलायला जावे तर टोकाला तार धरे. आमच्या प्रयोगशाळेच्या परिचरांनी ती नळी उजेडासमोर धरून एका वाक्यात निदान केले होते, “मॅडम, हे तं शेंबडावानी लोंबून रायलं.” उपमा फारशी शोभिवंत नाही, पण तिच्याहून नेमकी मला आजवर सापडलेली नाही. भिजत घातलेल्या जवसाला चिक सुटतो, तसा तो प्रकार दिसतो.

ही तार डीएनएची. सोयाबीनच्या गाठीत राहणाऱ्या ब्रॅडिरायझोबियम या जिवाणूच्या एका बहुअभ्यासित वाणाचा जनुकसंच सुमारे ९१ लाख बेस-जोड्यांचा आहे. प्रत्येक जोडीला ०.३४ नॅनोमीटर धरले तर हा धागा उलगडून सुमारे ३ मिलिमीटर भरतो, आणि तो ज्या पेशीत गुंडाळून ठेवलेला असतो तिची लांबी मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांश भागाएवढी. पेशी फुटली की असे अब्जावधी धागे एकाच वेळी मोकळे होऊन एकमेकांत अडकतात. आरएनए वजनाने डीएनएच्या कितीतरी पट असतो. जोमाने वाढणाऱ्या ई. कोलायच्या कोरड्या वजनात आरएनए सुमारे २० टक्के तर डीएनए ३ टक्क्यांच्या आसपास असतो. परंतु आरएनएचे रेणू आखूड असल्याने ते द्रव घट्ट करत नाहीत. त्यांचा उपद्रव वेगळ्या ठिकाणी होतो, त्याकडे मी पुढे येईन.

जेलवर या तारेने जे होते ते ज्याने पाहिले आहे त्याला सांगायला नको. ज्याने पाहिले नाही त्याच्यासाठी लिहिते. वेलमध्ये, म्हणजे जेलच्या वरच्या काठावरील खाचेत, २० मायक्रोलिटर नमुना सोडला, की ग्लिसरॉलच्या वजनाने तो निळ्या धारेने तळाशी बसायला हवा. तो बसतोही, पण टिप वर उचलताच त्यातला निम्मा ऐवज टिपेला चिकटून तारेसारखा वर येतो, शेजारच्या वेलवर हेलकावतो आणि तेथेच पडतो. एका विद्यार्थिनीने एकदा अशा तीन लेन (प्रत्येक वेलखालची नमुन्याची उभी वाट) एकमेकांत मिसळल्या आणि चौथ्या वेळी ती टिप हातात धरून नुसतीच उभी राहिली. जे आत राहते तेही सुखाने धावत नाही. डीएनएचा गुंता जेलच्या वरच्या काठावर छिद्रे बुजवून बसतो, प्रथिने त्यात अडकतात, रंगवल्यावर वेलच्या तोंडाशी गडद निळी रेघ आणि तिच्याखाली उभे ओघळ दिसतात. ती लेन फुगून शेजारच्या लेनला दाबते आणि तळाशी सरळ असायला हवी ती निळी सीमारेषा कमानीसारखी वाकते. १९७० साली उल्रिख लेम्ली यांनी रूढ केलेल्या या पद्धतीत एसडीएस हे साबणासारखे रसायन प्रत्येक प्रथिनाला त्याच्या वजनाच्या प्रमाणात ऋण भार देते आणि मग केवळ आकारमानानुसार वेगळीकरण होते. डीएनएला स्वतःचा ऋण भार असतोच, त्यामुळे तोही त्याच दिशेने ओढला जातो. मात्र त्याच्या आकारापुढे जेलच्या जाळीचा निभाव लागत नाही.

आता कुपीविषयी. हे एन्झाइम मूळचे सेरेशिया मार्सेसेन्स या जिवाणूचे आहे. ओल्या पावावर किंवा शिळ्या भातावर रक्तासारखे लाल ठिपके उमटवणारा हा जीव. १८२३ साली इटलीत बार्तोलोमेओ बिझिओ यांनी त्याचे नामकरण केले तेही लाल पडलेल्या मक्याच्या लाप्शीचा छडा लावल्यानंतरच. आज हे एन्झाइम ई. कोलायमध्ये तयार करून शुद्ध करतात. त्याच्या रेणूचे वजन सुमारे ३० किलोडाल्टन (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचे एकक). ते डीएनए आणि आरएनए दोन्ही, एकपदरी असोत वा दुपदरी, मिळेल तेथे तोडत जाऊन दोन ते पाच बेसचे तुकडे करून ठेवते. त्याला काम करण्यासाठी एक-दोन मिलिमोलार (द्रावणातील प्रमाणाचे एकक) मॅग्नेशियम लागते आणि पीएच ८ च्या वर ते सर्वांत चपळ असते. ५० टक्के ग्लिसरॉलमध्ये येत असल्याने उणे २० अंशांनाही ते गोठत नाही.

पार्सलची हकिगत काही फार निराळी नाही, पण खेड्यात राहून अशा वस्तू मागवणाऱ्यांना ती उपयोगी पडेल. आमच्या गावापर्यंत शीतसाखळीतले पार्सल येत नाही. मालाची नोंद एप्रिलच्या शेवटी झाली, खोका जिल्ह्याच्या ठिकाणी शनिवारी संध्याकाळी पोहोचला, रविवारी कार्यालय बंद, सोमवारी आमचे परिचर एसटीने जाऊन पार्सल सोडवून आले. थर्माकोलच्या खोक्यातील थंडाव्याच्या पिशव्या हाताला कोमट लागत होत्या. बाहेर पारा ४४ अंशांवर होता. मी कंपनीच्या प्रतिनिधींना फोन केला, तेव्हा एन्झाइम निकामी झाल्याचे सिद्ध केल्याशिवाय बदली कुपी मिळणार नाही असे उत्तर मिळाले. उत्तर नियमाला धरून असेल. फक्त ते सिद्ध करण्याची सोय ज्याच्याकडे आहे त्याला कुपी कमी पडत नसते, एवढेच मनात आले.

सिद्धता आम्ही कांद्यावर घेतली. पदवीच्या पहिल्या वर्षाला मीठ, साबण आणि थंड अल्कोहोल वापरून कांद्यातून डीएनए काढण्याचा प्रयोग असतोच. त्यातली पांढरी लड काडीवर गुंडाळून, अल्कोहोल उडू देऊन, ट्रिस बफरमध्ये विरघळवली, त्यात मॅग्नेशियम घातले आणि द्रव दोन नळ्यांत वाटला. एकीत एक मायक्रोलिटर एन्झाइम, दुसरीत काहीही नाही. दहा मिनिटांनी पहिल्या नळीतला द्रव पाण्यासारखा खळखळत होता आणि दुसरीतला नळी उलटी केली तरी भिंतीला धरून होता. उन्हात दोन दिवस राहूनही एन्झाइम शाबूत होते. ग्लिसरॉल आणि या प्रथिनाचा मुळातला चिवटपणा यांचे हे श्रेय आहे, वाहतूक करणाऱ्यांचे नव्हे. नवी कुपी हाती आली की हाच प्रयोग आधी करावा असे मी आता प्रत्येकाला सांगते, कारण त्याला खर्च शून्य आहे आणि पुढे काही बिघडले तर संशय कोणावर घ्यायचा ते ठरते.

बिघडलेच. कांद्यावर उत्तम चाललेले एन्झाइम आमच्या जिवाणूंच्या नमुन्यावर ढिम्म हलेना. दुप्पट घातले, चौपट घातले, ३७ अंशांना तासभर ठेवले. तार जशीच्या तशी. दोन आठवडे आणि कुपीचा जवळपास पाचवा हिस्सा गेल्यावर पेशी फोडण्याच्या बफरची कृती मी पुन्हा वाचली. जुन्या वहीतून उतरवलेल्या त्या कृतीत ५ मिलिमोलार ईडीटीए होते. ईडीटीएचा एक रेणू मॅग्नेशियमचा एक अणू गिळतो. आम्ही वरून घातलेले २ मिलिमोलार मॅग्नेशियम बफरमध्ये पडताच त्याच्या पोटात जात होते आणि एन्झाइम उपाशी बसले होते.

ईडीटीए त्या बफरमध्ये उगाच नव्हते, ही यातली खरी मेख आहे. आमचा जिवाणू ग्राम-ऋण, म्हणजे पेशीभित्तीबाहेर आणखी एक आवरण असलेला. त्याच्या बाहेरच्या आवरणाला मॅग्नेशियम-कॅल्शियमने सांधून ठेवलेले असते आणि ते सांधे ईडीटीएने सैल केल्याशिवाय भिंत कापणारे लायसोझाइम हे एन्झाइम आतल्या भिंतीपर्यंत पोहोचत नाही. म्हणजे पेशी फोडायला ईडीटीए हवे आणि पेशी फुटल्यानंतर ते नको. तोडगा साधा निघाला : पहिल्या टप्प्यात ईडीटीए फक्त १ मिलिमोलार, लायसोझाइमसह बर्फात वीस मिनिटे, मग ५ मिलिमोलार मॅग्नेशियम घालून ईडीटीएची तोंडे बंद करायची आणि त्यानंतरच एन्झाइम सोडायचे. मॅग्नेशियम क्लोराइडऐवजी आम्ही मॅग्नेशियम सल्फेट वापरतो. क्लोराइडची बाटली पावसाळ्यात हवेतले पाणी ओढून पाझरते आणि मग वजन करताना मीठ किती व पाणी किती याचा भरवसा राहत नाही. सल्फेट मात्र याच जिवाणूंच्या यीस्ट-मॅनिटॉल माध्यमासाठी प्रत्येक प्रयोगशाळेत असतेच. पेशी धुण्यासाठी फॉस्फेट बफर वापरत असाल तर तोही सोडा, कारण फॉस्फेटने हे एन्झाइम मंदावते. कंपनीच्या माहितीपत्रकात ईडीटीएचा उल्लेख आहे, परंतु तो चौथ्या पानावरील एका तक्त्याच्या तळटीपेत. जी गोष्ट घातल्यावर सगळी कुपी वाया जाते ती पहिल्या पानावर ठळक अक्षरांत असायला हवी. या एका कारणासाठी मी पाचांतील पाऊण गुण कापते.

एवढे जुळून आल्यावर मात्र कामगिरी देखणी होती. घट्ट झालेल्या एक मिलिलिटर द्रवात एक मायक्रोलिटर एन्झाइम घालून नळी हळूहळू उलटी-सुलटी करत राहिले, की तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला द्रवाची चाल बदलते : वरून खाली येताना जो एकसंध गोळा घसरत येई, त्याला आता कडा उरत नाहीत, बुडबुडे अडकून न राहता सरळ वर जातात. दहा मिनिटांत पिपेटच्या टोकाला तार धरत नाही. त्या संध्याकाळच्या जेलमध्ये पहिल्यांदाच वेलच्या तोंडाशी निळी रेघ नव्हती, सीमारेषा आडवी सरळ होती आणि ४० ते ७० किलोडाल्टनच्या पट्ट्यात, जेथे आम्हाला आजवर नुसता निळा धूर दिसला होता, तेथे बँड (प्रथिनांच्या आडव्या रेघा) मोजता येत होते.

मात्रेविषयी माहितीपत्रक आणि व्यवहार यांत अंतर आहे. एक युनिट म्हणजे आदर्श परिस्थितीत अर्ध्या तासात ३७ मायक्रोग्रॅम डीएनए पचवणारे प्रमाण. ई. कोलायचे आकडे धरून हिशेब केला तर १०० मिलिग्रॅम ओल्या पेशींत कोरडे वजन साधारण २५ मिलिग्रॅम, त्यात आरएनए व डीएनए मिळून सुमारे पावणेसहा मिलिग्रॅम, म्हणजे सगळे संपवायला साधारण १५५ युनिट. हळू वाढणाऱ्या जिवाणूत आरएनए त्याहून कमी असतो. म्हणून एक मिलिलिटरला २५० युनिट ही आमची मात्रा सढळ म्हणावी अशी आहे आणि एका कुपीत अशी १०० कामे होतात. केवळ तार मोडायची असेल तर याच्या दहाव्या हिश्शानेही भागते, कारण लांब धाग्याला मोजके काप पडले तरी घट्टपणा जातो. सगळा धागा पचण्याची वाट पाहावी लागत नाही. एक व्यवहाराची सूचना : ग्लिसरॉलमुळे हा द्रव टिपेच्या बाहेरून चिकटतो. टिप खोल बुडवून एक मायक्रोलिटर उचलला की बाहेरून आणखी तेवढाच निघून जातो. टोक पृष्ठभागाला नुसते टेकवून उचलावे. पहिल्या कुपीतून आम्हाला १०० ऐवजी जेमतेम ६० कामे का मिळाली, याचे उत्तर ईडीटीएइतकेच या टिपांतही होते.

सगळाच चिकटपणा डीएनएचा नसतो, हे आम्हाला एका शेतातील गाठींनी शिकवले. त्या गाठींतून दोन प्रकारच्या वसाहती मिळाल्या होत्या, एक कोरडी आणि एक ओलसर, फुगीर, तारा सोडणारी. कोरडीवर एन्झाइम लागू पडले. ओलीवर काडीचाही फरक पडला नाही, आणि या वेळी ईडीटीए निर्दोष होते. हा चिकटा जिवाणूने पेशीबाहेर सोडलेल्या बहुशर्करेचा, एक प्रकारे बाभळीच्या डिंकाच्या जातीचा. न्यूक्लिएज त्याला हातही लावू शकत नाही. ओळखण्याची रीत अशी की थोडा नमुना दोन नळ्यांत घ्यावा, एकीत एन्झाइम घालावे आणि पंधरा मिनिटांनी दोन्हींची तुलना करून पाहावी. फरक पडला तर डीएनए, नाही पडला तर डिंक. डिंकावर उपाय पेशी फोडण्याआधीच करावा लागतो. माध्यमातील मॅनिटॉल निम्मे केले आणि पेशी मिठाच्या पाण्याने तीनदा धुतल्या, तेव्हा आमचे काम झाले. या प्रकरणात काही जण एन्झाइमला नावे ठेवतात, ते अन्यायाचे आहे.

आता ज्या प्रश्नासाठी बहुतेक लोक असे परीक्षण वाचतात त्याकडे येते : ही कुपी घ्यावी का? तुम्ही केवळ साधे एसडीएस जेल चालवत असाल, तर घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गावातील औषधाच्या दुकानात २६ गेजची सुई लावलेली एक मिलिलिटरची सिरिंज मिळते. उकळलेला नमुना कोमट असताना या सुईतून दहा-पंधरा वेळा ओढला-सोडला की बारीक भोकातून जाताना धागा यांत्रिकपणे तुटतो आणि तार नाहीशी होते. सुई बोथट करून वापरावी, विद्यार्थ्यांची बोटे सांभाळावीत आणि फेस होऊ देऊ नये. आरएनए जागच्या जागी राहतो, पण साध्या जेलवर तो फारसा त्रास देत नाही. उलट २ टक्के एसडीएस घालून उकळलेल्या नमुन्यात हे एन्झाइम घालण्यात काहीच अर्थ नाही. ते स्वतःच उलगडून पडते. ही चूक मी इतरांच्या प्रयोगशाळांत दोनदा पाहिली आहे.

कुपीचे मोल कळते ते द्विमितीय जेलवर. १९७५ साली पॅट्रिक ओ'फॅरेल यांनी प्रथिने आधी त्यांच्या समविद्युत बिंदूनुसार (ज्या पीएचला प्रथिनाचा एकूण भार शून्य होतो तो बिंदू) आणि मग आकारानुसार वेगळी करण्याची पद्धत मांडली आणि ई. कोलायची सुमारे ११०० प्रथिने एका जेलवर दाखवली. या पद्धतीतील पहिल्या टप्प्यात एसडीएस नसते. तेथे प्रथिनाचा स्वतःचा भार महत्त्वाचा, आणि न्यूक्लिइक आम्ले ही ऋण भाराची लांबच लांब माळ. धन भाराची प्रथिने या माळेला चिकटतात, स्वतःच्या बिंदूवर जाऊन थांबण्याऐवजी तिच्याबरोबर आम्ल टोकाकडे फरफटत जातात आणि जेलवर ठिपक्यांऐवजी आडवे फराटे उमटतात. येथे आरएनएही डीएनएइतकाच दोषी असतो आणि सुईचा काही उपयोग होत नाही, कारण आखूड झालेली माळही माळच असते. त्यात चांदीने रंगवायचे असेल तर न्यूक्लिइक आम्लेही रंग धरतात आणि आम्ल बाजूला तपकिरी ढग पसरतो. आमच्याकडे या जेलची सोय नाही. नमुने आम्ही शहरातील एका संस्थेत नेतो. एन्झाइमशिवाय नेलेल्या पहिल्या जेलवर डाव्या बाजूचा तिसरा हिस्सा वाचण्याजोगा नव्हता, एन्झाइम वापरून नेलेल्या दुसऱ्यावर त्याच जागी वेगवेगळे ठिपके होते. एन्झाइमने केलेले दोन ते पाच बेसचे तुकडे टीसीए हे आम्ल आणि ॲसिटोन घालून तळाशी बसवलेल्या प्रथिनांच्या साक्यात न बसता द्रवातच राहतात, त्यामुळे आधी एन्झाइम आणि नंतर साका हा क्रम पाळला तर ते तुकडेही धुऊन जातात. क्रम उलटा केला तर लांब धागे प्रथिनांबरोबर साक्यात बसतात आणि मग तो साका विरघळता विरघळत नाही.

युरियाच्या बफरमध्येही हे एन्झाइम काही प्रमाणात चालते, असे माहितीपत्रक म्हणते आणि ते खरे आहे. तरीही विदर्भात मी तसे करणार नाही. माहितीपत्रकातील ‘रूम टेम्परेचर’ म्हणजे २०-२५ अंश. आमच्या खोलीचे तापमान मे महिन्यात पंखा चालू असताना ४० असते. युरिया ३७ अंशांच्या वर तापला की त्यातून निघणारा सायनेट प्रथिनांना चिकटून त्यांचा भार बदलतो आणि एका प्रथिनाच्या जागी ठिपक्यांची आडवी माळ दिसते. न्यूक्लिइक आम्ले घालवायला जाऊन हे दुखणे ओढवून घेण्यात शहाणपण नाही. एन्झाइमचे काम युरिया घालण्याआधी उरकावे आणि उन्हाळ्यात ते बर्फाच्या पाण्यात पाऊण तास ठेवून करावे. वेग कमी होतो, पण प्रथिने खाणारी एन्झाइमेही तेवढीच मंदावतात, हा त्यातला मोठा फायदा.

स्वस्तातला पर्याय म्हणून गाईच्या स्वादुपिंडातील डीएनेझ-१ आणि आरनेझ-ए या अनुक्रमे डीएनए व आरएनए तोडणाऱ्या एन्झाइमांची जोडी बरेच जण वापरतात. ती वाईट नाही. अडचण अशी की ती वजनाने बरीच घालावी लागते आणि मग जेलवर सुमारे ३१ व १३.७ किलोडाल्टनला त्यांचेच बँड उमटतात. आमच्या नमुन्यात १४.३ किलोडाल्टनचे लायसोझाइम आधीच असते, म्हणजे जेलच्या तळाशी आपणच आणलेल्या पाहुण्यांची गर्दी. या कुपीतील एन्झाइम, कंपनीच्या दाव्याप्रमाणे, एका मिलिग्रॅमला दहा लाख युनिटांहून अधिक आहे. म्हणजे २५० युनिट जास्तीत जास्त पाव मायक्रोग्रॅम आणि २० मायक्रोलिटरच्या एका लेनमध्ये ५ नॅनोग्रॅम. कुमासी रंगाला एवढे दिसत नाही. आम्हीही ३० किलोडाल्टनला मुद्दाम शोधले, काही सापडले नाही. फिनॉलने प्रथिने काढण्याची पद्धत वनस्पतींच्या नमुन्यांसाठी फार चांगली आहे आणि तीत न्यूक्लिइक आम्ले बव्हंशी पाण्याच्या थरात मागे राहतात, पण धूर खेचणारे कपाट नसलेल्या खोलीत मी विद्यार्थ्यांच्या हाती फिनॉल देत नाही.

एक आनुषंगिक लाभ आम्हाला उशिरा लक्षात आला. प्रथिनांचे प्रमाण आम्ही २८० नॅनोमीटरच्या शोषणावरून काढत होतो. न्यूक्लिइक आम्लांचे शोषण २६० ला सर्वाधिक असले तरी २८० लाही ते भरपूर असते, त्यामुळे प्रत्येक नमुना आहे त्यापेक्षा श्रीमंत दिसे आणि लेनमध्ये प्रत्यक्षात कमी प्रथिन जाई. फिकट आलेल्या जेलचा दोष आम्ही दोन वर्षे कुमासीला देत होतो. एन्झाइमने यात सुधारणा होत नाही, हे नीट लक्षात घ्यावे. तुकडे झालेली न्यूक्लिइक आम्ले साका करून धुतल्याशिवाय तितकाच, किंबहुना थोडा अधिकच प्रकाश शोषतात. लाभ एवढाच की नळीत किती न्यूक्लिइक आम्ल आहे याचा विचार त्या निमित्ताने सुरू झाला आणि आम्ही रंगावरून प्रथिने मोजणाऱ्या ब्रॅडफर्डच्या पद्धतीकडे वळलो.

साठवणीबाबत कुपीविषयी तक्रार नाही. भारनियमनात आमचा फ्रीज दिवसाचे चार-पाच तास बंद असतो. फ्रीजरमध्ये थर्माकोलची लहान पेटी, तिच्यात गोठवलेल्या दोन पिशव्या आणि मध्ये कुपी, एवढ्या व्यवस्थेवर पहिल्या कुपीने चौदा महिने काढले आणि शेवटच्या मायक्रोलिटरपर्यंत कांद्याच्या परीक्षेत ती उत्तीर्ण होत राहिली. झाकण मात्र फार लहान आहे आणि हातमोजे घालून ते उघडताना कुपी दोनदा निसटली. दुसरी कुपी आम्ही डिसेंबरमध्ये मागवली, मंगळवारी निघेल आणि शनिवारच्या आत पोहोचेल अशी तारीख ठरवून; ती आली तेव्हा पिशव्यांवर अजून दव होते. तिच्यातून आतापर्यंत ४३ कामे झाली आहेत, प्रत्येकाची नोंद पेटीला चिकटवलेल्या कागदावर आहे, आणि त्या कागदाच्या माथ्यावर परिचरांनी लाल शाईने लिहून ठेवले आहे : ईडीटीए किती टाकलं ते आधी सांगा.